कडीच्या जागी

महादू माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला तेव्हा मी मुलींना वजाबाकी समजावत होते. वहाणा त्यानं पायरीखालीच काढून ठेवल्या होत्या. कल्याणच्या आश्रमातला हा गडी डोंबिवलीला कधी यायचा नाही. पाणी भरायचं, लाकडं फोडायची, मेलेल्यांना खांदा द्यायचा, सगळं तिथं त्याच्याच गळ्यात असे. त्याला पाहिलं आणि मी खडू खाली ठेवला. "कधी?" एवढंच माझ्या तोंडून निघालं. "सकाळच्याला," तो म्हणाला. "चहा मागितला व्हता नर्सबाईंनी. कोंडाबाई घेऊन आली, तर..." माझी दुर्गाआत्या गेली होती.

त्याला आता काही आठवडे झाले. वर्तमानपत्रात कुणी दोन ओळी छापाव्यात एवढी ती मोठी नव्हती. पण ती शेवटची काही वर्षं कशासाठी जगली, हे निदान एकदा कुणीतरी लिहून ठेवायला हवं, असं मला राहून राहून वाटतं.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत नवरा गेला. सासरच्यांनी तिला परत धाडली. आजोबांनी, घरात सगळ्यांची रडारड चाललेली असताना, तिला नर्सिंग शिकायला पाठवलं. शिकून ती एका मैत्रिणीच्या मागोमाग कराचीला गेली आणि तिथल्या इस्पितळात तिनं सारी हयात काढली. दर दोन-तीन वर्षांनी सुट्टीवर यायची ती उंच, सावळी, कार्बोलिकच्या साबणाचा वास येणारी आत्या आम्हा मुलांना जरा परकीच वाटायची. आल्या आल्या ती पहिल्यांदा आमचे पाय बघायची. "पाय दाखव. तोंडावर माणूस काय वाट्टेल ते खोटं आणतो, पायांना ते जमत नाही." मग भेगा, नखं, चिखल्या यांवरून प्रत्येकाला बोलणी बसायची. फाळणी झाली आणि एका बोटीनं ती कायमची परत आली, एक ट्रंक आणि गुंडाळलेलं अंथरूण घेऊन. तिथं काय पाहिलं ते तिनं कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

सुरुवातीला ती आमच्याकडेच होती, डोंबिवलीच्या दोन खोल्यांत. माझ्या सासूबाईंशी तिचं छान जमायचं; दोघी मिळून लोणची घालायच्या. तरी एक दिवस तिनं जेवताना सांगून टाकलं की कल्याणला म्हाताऱ्या माणसांसाठी आश्रम निघालाय, तिथं ती राहायला जाणार आहे. माझे यजमान ताटावरून उठायच्या बेतात होते. "आत्या, आमचं काही चुकलं का?" तिनं त्यांना हातानंच बसवलं. "तुमचं काही चुकलेलं नाही. पण इथं मी पाहुणी आहे रे. तिथं निदान कुणाचे पाय तरी बघीन."

आश्रम म्हणजे लढाईच्या वेळी लष्करानं बांधून मागे टाकलेली पत्र्याची लांबलचक बराक. कल्याणातल्या चार भल्या व्यापाऱ्यांनी ती घेतली, मधोमध भिंत घातली, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. मागे परसात संडास आणि बिनकठड्याची एक जुनी विहीर. ज्यांना कुणी नाही किंवा ज्यांना कुणी असून नसल्यासारखं आहे, अशी माणसं तिथं आणून ठेवायचे. दोन वेळा आमटीभात मिळायचा, देवाची प्रार्थना व्हायची, सणाला गोडधोड व्हायचं. वाईट माणूस तिथं एकही नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. व्यवस्थापक पेन्शनीत निघालेले कारकून, घाबरट पण सरळ. बायकांच्या बाजूला कोंडाबाई एकटी. पहाटे चूल पेटवण्यापासून सगळ्यांची लुगडी पिळण्यापर्यंत तिचं काम. अंधार पडता पडता तिला उभं राहवत नसे. म्हणून दिवेलागणीला ती बायकांच्या खोलीला बाहेरून कडी घालायची आणि स्वयंपाकघरात जाऊन आडवी व्हायची. म्हाताऱ्या भ्रमिष्टासारख्या बाहेर पडतात, विहीर आहे, पलीकडे रूळ आहेत... व्यवस्थापकांचंच सांगणं होतं तसं.

आत्यानं पहिल्याच आठवड्यात त्यांना विचारलं, "आग लागली तर?" ते म्हणाले, "आणि कुणी विहिरीत पडली तर?" "मग विहिरीला झाकण घाला. बायकांना कशाला घालता?" त्यांनी समितीपुढे मांडतो म्हणून सांगितलं. ते मांडणं पुढे बरेच महिने चाललं.

त्या उन्हाळ्यात सरस्वतीबाई नावाच्या एका म्हातारीला हगवण लागली. कडी घातल्यावर लागली. बायकांनी दार वाजवलं, पत्रा बडवला. कोंडाबाईला जाग आली नाही आणि भिंतीपलीकडच्या म्हाताऱ्या पुरुषांना उठून दाराशी येता आलं नाही. आत एक माठ होता, त्यातलं पाणी आत्यानं चमच्या-चमच्यानं तिला पाजलं, ते संपलं. सकाळी दार उघडलं तेव्हा सरस्वतीबाई घाणीत पडलेली होती आणि तिचे डोळे खोल गेले होते. आत्यानं तिला स्वच्छ केलं, नवं लुगडं नेसवलं. डॉक्टर येईपर्यंत ती गेली. आत्या मला म्हणाली, "मीठ-साखरेचं पाणी हवं होतं गं मला. पलीकडे स्वयंपाकघरात होतं सगळं. दहा पावलांवर."

त्या दिवशी दिवेलागणीला आत्या खोलीत गेली नाही. व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली. कोंडाबाईनं विनवलं, व्यवस्थापकांनी आधी समजावलं, मग आवाज चढवला. "बाई, नियम सगळ्यांना सारखा." "असू दे की. सगळ्याच बसू," आत्या म्हणाली. आणि खरंच, एकेक करून बायका बाहेर आल्या. ज्यांना चालता येत नव्हतं त्या सरपटत उंबऱ्यापर्यंत आल्या. कुणी घोषणा दिल्या नाहीत. गोधड्या अंथरून नुसत्या बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी महादूला बोलावून बाहेरची कडी काढायला लावली. रविवारी मी गेले तेव्हा दाराच्या फळीवर खिळ्यांची भोकं तेवढी उरली होती, आणि आत्या, मी तिला इतकी हसताना कधी पाहिली नव्हती.

यमाबाई आली ती त्यानंतर. दिवा गावाकडच्या खाडीकाठची, सारा जन्म मिठागरात गेलेली. हाताचे तळवे मिठानं चरून पांढरे पडले होते. नवरा, मुलगे, कुणी उरलं नव्हतं, आणि आता तिची समजही राहिली नव्हती. दिवसभर गप्प असायची. वारा सुटला की अस्वस्थ व्हायची. "भरती आयली गो," म्हणायची, "बांद फुटंल. मना जावाचा हाय." आत्या तिच्याशेजारी बसायची, तिला सांगायची, "आत्ताच बघून आले मी, यमाबाई. बांध धड आहे." "धड हाय?" "अगदी धड." मग ती निवायची. एकदा मी तिथं होते, तेव्हा ती माझा हात धरून बराच वेळ मिठाबद्दल बोलली. कोवळं मीठ कसं दिसतं, त्यावर पाय कसा द्यायचा नाही. माणूस पुरतं हरवतं म्हणतात, पण तिचं मिठागर जागच्या जागी होतं.

थंडीतल्या एका पहाटे ती बांध बघायला गेली. महादू पाणी काढायला गेला, तेव्हा त्याला विहिरीत तिचं लुगडं दिसलं.

समितीचे लोक आले. कुणी आत्याला टाकून बोललं नाही; त्याहून वाईट झालं. व्यवस्थापक तिच्यासमोर उभे राहिले. "बाई, आता तुम्हीच सांगा मला, मी काय करू?" त्या रविवारी मी गेले, तर ती ट्रंकेवर बसून होती, अन्नाला शिवली नव्हती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "कडी असती तर यमाबाई जिवंत असती, कुसुम. हे खरं आहे. मी ते टाळू शकत नाही."

"आणि कडी होती म्हणून सरस्वतीबाई..."

"हो. तेही खरं." ती ट्रंकेवरून उठून दारापर्यंत गेली. मग म्हणाली, "कडी स्वस्त पडते गं. म्हणून सगळ्यांना ती आवडते. खरं तर तिच्या जागी माणूस लागतं. जागं माणूस."

समितीनं नवी कडी आणायचं ठरवलं होतं. आत्या व्यवस्थापकांकडे गेली आणि म्हणाली, मी दारात झोपते. माझ्या अंगावरून कुणी बाहेर जाणार नाही. ज्यांना जायचं आहे त्यांना मी नेईन आणि परत आणीन. एकही बाई गेली तर कडी तुम्ही नाही, मी स्वतः लावीन. ते मुळात दयाळू, आणि माणूस ठेवायला समितीकडे पैसा नव्हता; तयार झाले. त्या दिवसापासून आत्याची खाट उंबऱ्याला आडवी लागली. पुढे काही वर्षं ती तिथंच झोपली... झोपली म्हणायचं झालं. इस्पितळातली रात्रपाळी तिनं म्हातारपणी पुन्हा सुरू केली, एवढंच. त्या काळात एकही बाई विहिरीपाशी गेली नाही. एकही कोंडून राहिली नाही. विहिरीच्या झाकणाचा अर्ज मात्र समितीपुढे होता तसाच राहिला.

दाराच्या फटीतून थंडीत वारा शिरायचा. पावसात खाटेचे पाय ओले असायचे. खोकला सुरू झाला, मग तो जाईना. डॉक्टरांनी छाती तपासून, जागा बदला म्हणून सांगितलं. मी तिला न्यायला गेले होते, ती आमची शेवटची भेट. हिवाळ्यातली दुपार होती, ती उशीला टेकून बसली होती आणि तिच्या पायांवर सूज दिसत होती. माणसाच्या पायांत तिला जे दिसायचं ते आता मलाही दिसू लागलं होतं. "आत्या, चल माझ्याबरोबर," मी म्हटलं. "टांगा उभा आहे. निदान बरी होईपर्यंत."

"आणि दार?"

"दार बघतील ते लोक."

"तेच तर," ती म्हणाली. "ते लोक दारच बघतील." मग खोकल्याची उबळ आली. ओसरल्यावर तिनं माझ्या पदराचं टोक चाचपलं, माझ्या लहानपणी परकराचा काठ चाचपायची तसं. "रागावू नकोस. मी काही पुण्य करत नाहीये. यमाबाईचं मला झोपू देत नाही, तर जागायला ही जागा बरी आहे." टांगेवाल्याला मी परत पाठवलं. पुढच्या आठवड्यात महादू आला.

मी पोचले तेव्हा तिला व्हरांड्यात काढून ठेवलं होतं. तिची खाट दारातच असल्यामुळे काढायला काही कष्ट पडले नसतील, हा विचार माझ्या मनात आला.

तेराव्यानंतर तिथल्या बायकांना जेवण द्यायला मी पुन्हा गेले. समितीच्या अध्यक्षांनी चार शब्द बोलून दाखवले. सेवा, त्याग, दीपस्तंभ. तिचा फोटो लावायचा ठरावही झाला. मी विहिरीचं विचारलं. ते म्हणाले, "घेतलंय विचारात." दाराला नवी कडी बसली होती, जाड, कोऱ्या लोखंडाची. आत खोलीच्या कोपऱ्यात एक बादली ठेवली होती. गंगूबाई म्हणून तिथली सगळ्यांत जुनी बाई, तिला मी विचारलं, "चालतं का हे तुम्हाला?" तिनं खांदे उडवले. "बरं आहे बाई. भीती नाही. झोप लागते." मग म्हणाली, "कशी झोप लागते, ते नका विचारू."

आवराआवर करता करता दिवे लागले. माझ्या आगगाडीची वेळ होत आली होती, मी व्हरांड्यात पिशव्या बांधत होते. कोंडाबाईनं कडी सरकवली आणि तिथंच पायरीवर टेकली. तीही आता थकली आहे. थोड्या वेळानं आतून दारापाशी पावलं वाजली आणि गंगूबाईचा आवाज आला, "गंगू जाते गं."

मी कोंडाबाईकडे पाहिलं. "नर्सबाईंनी लावलेली सवय," ती म्हणाली. "जाताना नाव सांगायचं, येताना सांगायचं. अंधारात त्यांना कळायला, कोण भाईर हाय ते. अजून सांगत्यात सगळ्या. मंग कडी हाय ते आठवतं, आन् बादलीकडं जात्यात."

"उघड," मी म्हटलं.

तिनं व्यवस्थापकांच्या खोलीकडे नजर टाकली, आणि उघडली. गंगूबाई भिंत धरत धरत परसात गेली. आम्ही दोघी पाहत उभ्या राहिलो. परत यायला तिला फार वेळ लागला. दाराशी येऊन ती म्हणाली, "आले गं," आणि आत न जाता उंबऱ्यातच थांबली, कसली तरी वाट पाहत. मग माझ्या ध्यानात आलं, अशा वेळी आत्या तिला उत्तर देत असणार.

"ये, गंगूबाई," मी म्हटलं. "आत ये."

ती आत गेली. कोंडाबाईनं कडी लावली.