चांदबी खालांचं दुखणं

चांदबी खालांच्या छातीत दुखत होतं आणि ते त्या आम्हाला रोज सांगत होत्या. आमच्याच ओसरीत, चहा पिता पिता. आम्ही मायलेकी मात्र त्यासाठी इंग्रजी शब्द शोधत बसलो होतो. उद्या सकाळी त्यांच्या हृदयातला अडथळा काढणार आहेत. माझं कशातच मन लागत नाही, म्हणून लिहायला बसले.

आमच्या मुदखेडात खालांना ओळखत नाही अशी बाई सापडायची नाही. मनियाराचं घर, बांगड्या भरायचा धंदा सासूकडून आलेला. आपला हात त्या मांडीवर घेतात, बोटांची हाडं अशी दाबतात की डोळ्यांत पाणी यावं, आणि तेवढ्यात बांगडी मनगटात गेलेली असते. कुणी "आई गं" म्हणालं तर ऐकवतात, "एवढ्यानं? मंग बाळंतपणाला काय करशील?" भरून झालं की सगळ्या बाया त्यांना वाकून नमस्कार करतात. माझ्या लग्नातला चुडा त्यांनीच भरला आणि लेकीच्या, स्वप्नालीच्या, बारशाच्या इवल्या बांगड्याही त्यांनीच आणल्या.

त्यांचे मालक पाशामियाँ दम्यामुळे बरीच वर्षं घरीच असतात. मुलगी उदगीरला दिलेली. म्हणून खाला ऊन असो की पाऊस, गावभर फिरतात. आजारी पडल्याचं कुणी ऐकलेलं नाही. ताप आला तरी म्हणायच्या, "जरा गरम वाटून राहिलं."

माझी स्वप्नाली नांदेडला नर्स आहे. तिला परदेशात जायचंय आणि त्यासाठी इंग्रजीची परीक्षा आहे. नुसतं लिहिणं-वाचणं नाही, समोर बसलेल्या पेशंटशी बोलूनही दाखवायचं. तिच्या क्लासच्या सरांनी बजावलं होतं, "तुम्ही सगळ्या दुखण्याला एकच शब्द वापरता. पेन, पेन आणि पेन. पेशंट वेगळं सांगतो, तुम्ही वेगळं लिहिता." म्हणून रजा काढून घरी सराव सुरू झाला. पेशंट मी व्हायचं ठरलं. पण मला आजाराचं खोटं बोलणंसुद्धा जमेना. "पोटात दुखतंय" म्हटलं की मनात यायचं, खरंच दुखायला लागलं तर? ही तिकडे गेल्यावर इथं मला बघणार कोण?

खाला बांगड्या घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "मी होते पेशंट. बोंबलायचंच हाय ना?"

मग रोज दुपारी हा खेळ. स्वप्नाली इंग्रजीत विचारणार, मी मराठीत सांगणार, खाला कण्हत उत्तर देणार.

"गुडघ्यात ठणका हाय सिस्टर. आत कुणी खलबत्ता कुटून राहिलंय."

"थ्रॉबिंग," स्वप्नाली म्हणायची.

तळपायाची आग झाली की बर्निंग. हाताला मुंग्या आल्या की टिंगलिंग. अंग मोडून आलं तर एकिंग, हात लावू देईना असं दुखरं असेल तर सोअर. कमरेतून पायात चमक गेली तर शूटिंग.

"शूटिंग?" खाला पदर सावरून बसल्या. "मंग हिरो कोण हाय?"

आम्ही हसून हसून बेजार. एका शब्दाची एवढी भावंडं असतील असं मला बी.ए.ला इंग्रजी घेऊनही कधी वाटलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात एकदा त्या म्हणाल्या, "आज छातीवर जातं ठेवल्यागत हाय." स्वप्नालीनं डिक्शनरी उघडली. प्रेशर म्हणावं की टाइटनेस, यावर आमचा वाद झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा छाती. तिसऱ्या दिवशीही तेच.

मीच म्हणाले, "खाला, रोज काय छाती? दुसरं काही काढा की."

"आज दुकानात एवढाच माल हाय, बाई," त्या म्हणाल्या. कपातला चहा तसाच राहिला होता.

आज दुपारी स्वप्नालीनं सगळे प्रश्न ओळीनं घेतले. कधी सुरू झालं? कशानं वाढतं? कशानं कमी होतं? कुठं पसरतं?

"स्टेशनचा जिना चढले की वाढतंय. बसले की उतरतंय. डाव्या हातात जातंय, इथं जबड्यापर्यंत."

स्वप्नालीचं लिहिणं थांबलं. "खाला, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिकायचं काय त्याच्यात? होतंय तसं सांगितलं." मग लगेच म्हणाल्या, "गंमत केली गं, बेटा."

त्यांच्या कपाळावर घाम होता. स्वप्नालीनं नाडी धरली आणि मला म्हणाली, "आई, शेजारच्यांची गाडी बघ. आत्ता."

नांदेडच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत खाला आमच्यावरच चिडलेल्या. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय, आजी?"

"काही न्हाई. गॅस हाय. ही पोरगी उगं भिऊन राहिली."

ईसीजीत फारसं काही दिसेना. डॉक्टर म्हणाले, त्रास नसेल तर उद्या बघू. खाला तर चपला शोधायलाही लागल्या. त्या घरी गेल्या असत्या आणि उद्या पुन्हा तो जिना चढल्या असत्या.

स्वप्नालीनं स्टूल ओढलं आणि अगदी सरावातल्या आवाजात म्हणाली, "नमस्कार, मी सिस्टर स्वप्नाली. तुम्हाला काय होतंय?"

खाला परत खाटेवर टेकल्या. मग हळूच पेशंटसारख्या कण्हल्या आणि सगळं सांगितलं. जातं, जिना, हात, जबडा. रात्री झोपेतून उठवतं, हेही सांगितलं. ते आम्हालाही नवीन होतं. डॉक्टर ऐकत होते. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, त्यात हृदयाला धक्का बसल्याचं निघालं, आणि मग धावपळच सुरू झाली.

स्वप्नाली तिथंच थांबली, मी परत आले. पाशामियाँ आमच्या पायरीवर बसलेले होते. दोन गल्ल्या चालून आल्यानं धाप लागलेली. मी काही लपवलं नाही.

"मला तर कधी बोलली न्हाई," ते म्हणाले. "रोज विचारतो मी, बरी हायेस ना? म्हणते, हाव."

मी पाणी दिलं. ते प्याले नाहीत.

"तुमच्या पोरीला कशी काय बोलली? काय विचारलं तिनं?"

मी प्रश्न सांगितले. कधी सुरू झालं, कशानं वाढतं, कशानं उतरतं, कुठवर जातं. त्यांनी पुन्हा सांगायला लावले. मग ओठातल्या ओठात एकेक म्हणून बघितला, मधला एक चुकला तेव्हा माझ्याकडून परत घेतला.

"उद्या मला संगं न्या," ते म्हणाले. "तिला आत न्यायच्या आधी मला एकदा विचारायचंय."

मी हो म्हणाले. स्वप्नाली तिथून कळवेल म्हणून फोन उशाशी ठेवलाय, पण अजून वाजला नाही.