दंतमंजनाच्या डब्यातली लक्ष्मी

मला जुन्या जाहिरातींचं वेड आहे असं लोक म्हणतात. वेडबिड काही नाही, जिवाची तगमग आहे ती. साबणाची, चहाची, केसांच्या तेलाची गंजकी पत्र्याची पाटी कुठे दिसली की माझा पाय पुढे निघत नाही. एकदा दिवा स्टेशनजवळ एका चाळीत पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून उपडी घातलेली बिस्किटांची पाटी दिसली. मी त्या बाईला बाजारातून नवंकोरं झाकण आणून दिलं आणि पाटी काखोटीला मारून डोंबिवलीला आले. नवरा म्हणाला, "अगं, या घरात माणसांनी राहायचंय की भंगाराने?" मी म्हटलं, "दोघांनी." आणि पाटी भिंतीला टांगली.

पण मी खरं शोधत होते ते एक पितळी नाणं. माझ्या बाबांचा कल्याणला दंतमंजनाचा धंदा होता. धंदा कसला, स्वयंपाकघरातच कारखाना! खडू, तुरटी, मीठ, लवंग कुटून आई चाळायची, त्यात गुलाबी रंग पडायचा आणि बाबा डबे भरायचे. खप वाढावा म्हणून बाबांनी डोकं लढवलं. दिवाळीच्या दिवसांत प्रत्येक डब्यात एक नाणं. एका बाजूला लक्ष्मी, दुसऱ्या बाजूला मंजनाचं नाव, म्हणजे आमचंच आडनाव. 'घरी लक्ष्मी येईल' असं डब्यावर छापलेलं. डबे धडाधड खपले. पुढे ऐंशीनंतर घरोघरी पेस्टच्या ट्यूबा आल्या आणि धंदा बसला. बाबांनी रागाच्या भरात उरलेली नाणी, छाप, डबे, सगळं मोडीत काढलं. अहो, देव्हाऱ्यापुरतं एक तरी ठेवायचं! तेही नाही ठेवलं.

नव्वद साली आई गेली आणि बाबा माझ्याकडे राहायला आले. काचबिंदूने एक डोळा गेलेला, दुसऱ्याचंही काही खरं नव्हतं. रोज चहाच्या वेळी त्यांचं एकच पालुपद, "एवढं मरमर मेलो, पण नाव म्हणून कुठे उरलं नाही." ऐकून मला वाईट वाटायचं आणि संतापही यायचा. त्यांना दिसतंय तोवर ते नाणं त्यांच्या हातात ठेवायचं, आपलं नाव त्यांना वाचू द्यायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात बसलं. रात्री झोप लागेना, ऑफिसात लक्ष लागेना.

कल्याणच्या भांड्यांच्या दुकानांत विचारलं, मोडवाल्यांकडे विचारलं. एकजण हसूनच म्हणाला, "ताई, असली नाणी मोडीत येत नाहीत. लक्ष्मी कोण विकतंय?" घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं. बाबांनी केली जाहिरात, आणि लोकांनी ती उचलून देव्हाऱ्यात बसवली. जुन्या गिऱ्हाइकांची दारं ठोठावली, तर एका आजीबाईंनी देवघराचा पडदाच ओढला. म्हणाल्या, "तिन्हीसांजेची लक्ष्मी मागायला आलीस? शोभतं का?" दुसऱ्या घरी ते नाणं जुन्या टाकांबरोबर खाडीत सोडलेलं. मी हात हलवत परत. सिग्नलला उभी राहिले तरी वाटायचं, समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या तरी देवांत ते बसलेलं असणार.

माझं ऑफिस ठाण्याला. सुटल्यावर मी एका कोळणीकडून मासे घ्यायचे. एके दिवशी त्या मावशी बांगडे साफ करत होत्या आणि मी आपलं नाण्याचं रडगाणं गात होते. त्यांचा हात थांबला.

"हाय की गो आमचे देवान. गुलाबी पावडरचे डब्यान मिलालेली लक्षुमी."

"मावशी, द्याल मला? मागाल ते देते."

"घरची लक्षुमी इकाची? येरी झालीस काय? तुझे बापाला आन, बघूं दे त्याला."

रविवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून तयार. ठाण्याच्या कोळीवाड्यात मावशींच्या घरी पोचेपर्यंत त्यांनी मला बोलून बोलून हैराण केलं. अक्षरं कशी होती, वेलांटी कशी वळवून घेतली होती, सगळं ऐकवलं. मावशींनी हळदीकुंकू पुसून नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. बाबांनी ते खिडकीपाशी नेलं, डोळ्याला लावलं, उलटं केलं. मग अंगठा फिरवत राहिले. मी न राहवून ते हातातून घेतलं. दोन्ही बाजूंनी सपाट. नाव नाही, लक्ष्मीसुद्धा नाही, नुसती पिवळीधमक चकती.

"मावशी, यावरचं नाव कुठे गेलं?"

"घासून घासून गेला. सणावाराला घासताव ना."

"एवढं? कशानं घासता?"

"कशानं म्हंजे? त्याच पावडरनं! दातांना येकदा लावली, तं हिरड्या सोलून निघाल्या. पन पितल काय चमकतं, बाय! आख्खा कोलीवाडा तिनंच देव घासाचा. बंद व्हनार कललं तवा मी डबेच्या डबे भरून ठेवलं."

मला वाटलं, या बाईच्या तोंडावर हात ठेवावा. बाबांचं नाव बाबांच्याच मंजनाने खाल्लं, आणि हे ऐकवायला मीच त्यांना ओढत आणलं होतं. बाबांची मान खाली. खांदे हलायला लागले. रडतायत असं वाटून मी जवळ गेले, तर ते हसत होते, अगदी खोकला येईपर्यंत.

"तरीच! इथून सारखी मागणी यायची. मी तुझ्या आईला म्हणायचो, काय दात आहेत गं ठाण्याच्या लोकांचे!"

मावशीही पदर तोंडाला लावून हसल्या. मग काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाल्या, "न्या बाबा. तुमचीच हाय ती."

मी चकती पर्समध्ये टाकायला निघालेच होते. बाबांनी चाचपडत माझं मनगट धरलं, चकती काढून घेतली आणि मावशींच्या हातात परत दिली.

"नको. आमच्या घरी ते पितळ. तुमच्या घरी लक्ष्मी आहे. फक्त आता चिंचेने घासा, आणि जरा हळू हाताने."

मावशींनी ती देवांत ठेवली. बाबांनी त्या कोऱ्या चकतीला हात जोडले. त्या दिवसानंतर त्यांनी नावाचा विषय काढला नाही. मला मात्र हात जोडणं जमलं नाही. मला ते नाणं हवं होतं. अजूनही हवंय.