खंडेनवमीला गायब झालेली गिटार

तो तपास मला अजून लख्ख आठवतो, आणि मी विसरायचं म्हटलं तरी घरचे विसरू देत नाहीत. तसा तो माझ्या नोकरीतला गुन्हा नव्हेच. महाराष्ट्र पोलिसातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि आम्ही दोघं लेकीकडे अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहायला आलो, त्यानंतरची ही हकीकत. शिरस्त्याप्रमाणे नावं कुणाचीच देत नाही.

माझी नात शिकागोतल्या एका जुन्या बारमध्ये साउंड सांभाळते. कोपऱ्यावरचा साधा विटांचा बार, पण तिथलं ब्लूज ऐकायला लोक लांबून येतात. ब्लूज म्हणजे काळ्या कष्टकऱ्यांचं गाणं. शब्द रडवेले आणि ऐकणारे नाचतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. ज्यांनी बार काढला ते दिवसा कत्तलखान्यात राबायचे आणि संध्याकाळी गायचे. आता त्यांची म्हातारी लेक बार चालवते. वडिलांची गिटार काचेच्या कपाटात असते आणि वर्षातून एकदाच, त्यांच्या पुण्यतिथीला वाजते. कपाटाची किल्ली मालकीणबाईंकडे आणि माझ्या नातीकडे.

नेमकं पुण्यतिथीच्या दिवशी सकाळी नातीचा फोन आला. ती आदल्या रात्री शहरातच मैत्रिणीकडे राहिली होती.

"आजोबा, गिटार मिसिंग आहे. काल दुपारी मी स्ट्रिंग्ज चेंज करायला बाहेर काढली, केसमध्ये घालून टेबलावर ठेवली आणि बेसमेंटमध्ये गेले. परत आले तर नाही. मला वाटलं मॅडमनी आत ठेवली. आता त्या म्हणतायत, मी हातसुद्धा लावला नाही. सगळे माझ्याकडेच बघतायत, यार."

आवाज रडवेला होता. माझं जुनं रक्त सळसळलं. निघताना देवाला हात जोडले. त्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्या घरात या दिवशी ज्याचं त्याचं पोटापाण्याचं हत्यार पूजेला लागतं, आणि बायको ते विचारून घेत नाही, सरळ उचलते. लेकीचा स्टेथोस्कोप, जावयाचा लॅपटॉप, माझी पोलिसातली शिट्टी, सगळं देवापुढे. मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला कुणी शिवायचं नाही. जावई त्यासाठी रजा काढतो. कुत्र्याने लुडबूड करू नये म्हणून बायकोने सगळ्यावर शेला पांघरला होता. यंदा ढीग जरा लांबलचक दिसला खरा, पण माझ्या डोक्यात चोर घोळत होता.

बारमध्ये पोचून घटनास्थळाची पाहणी केली. दारं शाबूत, कुलपं शाबूत. म्हणजे काम आतल्या माणसाचं. मग एकेकाचे जबाब घेतले. ड्रम वाजवणारा मला बघूनच घामाघूम झाला. मी काही न विचारता नुसता समोर बसून राहिलो. पोलिसाचं निम्मं काम गप्प बसण्यानेच होतं. थोड्या वेळाने त्याने कबुली दिली, की तो पलीकडच्या बारमध्येही गुपचूप वाजवतो.

"ते सगळ्या गल्लीला माहीत आहे," मालकीणबाई काउंटरमागून म्हणाल्या. "गिटारचं बोला. सर, तुमची नात मला आवडते. पण किल्ली तिच्याकडे होती. संध्याकाळपर्यंत गिटार आली नाही, तर मला तक्रार द्यावी लागेल आणि तिला कामावर ठेवता येणार नाही."

बाईंचा राग आला नाही. त्यांच्या जागी मीही तेच बोललो असतो. नात कोपऱ्यात वायरी गुंडाळत उभी होती, मान वर करत नव्हती. तिच्याकडे बघवेना.

शेवटी दारावरच्या आडदांड गड्याला पुन्हा बोलावलं. मघाशी त्याला विचारलं होतं, कुणी संशयास्पद माणूस दिसला का. तो नाही म्हणाला होता. आता विचारलं, "काल दुपारी गिटार घेऊन कोण कोण गेलं?"

"फक्त त्या आजीबाई," तो शांतपणे म्हणाला. "साडी आणि पांढरे स्पोर्ट्स शूज. गिटारची केस जड होती, म्हणून मीच गाडीपर्यंत नेऊन दिली. गाडीतला माणूस फोनवर मीटिंग करत होता. त्याने वळूनसुद्धा बघितलं नाही."

"मघाशी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही संशयास्पद माणूस विचारलात, सर. त्या तर मला लाडू देऊन गेल्या."

लाडू म्हटल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काल बायको नातीचं ऑफिस, म्हणजे हाच बार, बघायला गेली होती, आणि जावई तिला घेऊन आला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मी तर त्या कळशाला सकाळी हातही जोडून आलो होतो.

नात, मालकीणबाई आणि मी त्यांच्याच गाडीने घरी आलो. बायकोने शेला बाजूला केला. लॅपटॉप आणि स्टेथोस्कोपच्या मधोमध गिटार, तिला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल.

"अहो, मला काय ठाऊक? पोरगी कुठे दिसली नाही, पण तिच्या जॅकेटशेजारी ही होती, तिचीच समजून आणली," बायको म्हणाली. चोरीचा शब्द निघाल्यावर तिचे डोळे भरले, पण गिटारवरचा हात निघाला नाही. "पण आता पूजा झालीय. आज ती हलायची नाही."

"आजी, प्लीज. आज शो आहे. माझा जॉब जाईल," नात म्हणाली.

"त्यांना सांग, वर्षभर राबणाऱ्या वस्तूला आज सुट्टी असते. उद्या सकाळी मी स्वतः आणून देईन."

नातीने चाचरत ते इंग्रजीत सांगितलं. मालकीणबाई गिटारकडे बघत, भिंतीला धरून हळूच खाली चटईवर बसल्या.

"डॅडी तापातसुद्धा वाजवायचे," त्या म्हणाल्या. "दिवसा कत्तलखाना, संध्याकाळी हे. आज बस जरा, असं त्यांना कधी कुणी म्हटलं नाही. मीसुद्धा नाही." डोळे पुसून त्यांनी नातीच्या पाठीवर हात ठेवला. "राहू दे आज. तू साडेपाचला ये, माइक लावायचे आहेत."

बायकोने त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. आरोपीच्या घरी फिर्यादीने पुरणपोळी दोनदा मागून घेतल्याचं माझ्या पाहण्यातलं हे एकमेव प्रकरण.

माणसं विचारलं तेवढंच सांगतात, म्हणून आधी आपला प्रश्न तपासावा, हे मी त्या दिवशी शिकलो. दुसरं असं, की हरवलेल्या प्रत्येक वस्तूमागे चोर असतो, हा समज नोकरीत चालून जातो, घरात चालत नाही. मुद्देमाल सापडला, आरोपी सापडली, गुन्हा मात्र शोधूनही सापडला नाही.

संध्याकाळी बार खच्चून भरला होता. आम्ही दोघं मागच्या टेबलावर बसलो. मालकीणबाई रिकाम्या हातांनी स्टेजवर आल्या, आणि लोक गिटार शोधायला लागले तेव्हा माइकवर म्हणाल्या, "डॅडी आज सुट्टीवर आहेत." सगळे हसले. मग त्या नुसत्याच गायल्या.