आलो की आले

“पोरगी गुणाची आहे, पण तिकडं हिचं तोंड कोण उघडणार?” कोल्हापूरच्या एस.टी. स्टँडवर काकू आईला हळूच म्हणाली. मी मुंबईच्या गाडीत खिडकीशी बसले होते. ऐकलं नाही असं दाखवलं. आईनं माझी बाजू घेतली. इंग्रजी शाळेत शिकलीय, नडणार नाही कुठं, म्हणाली.

नडलं ते मराठीच. नव्या मुंबईत नेरूळला एका बिल्डरच्या ऑफिसात नोकरी लागली होती. पहिल्याच सकाळी उशीर झाला म्हणून मी म्हणाले, “सॉरी, आत्ताच आलो.”

शेजारच्या टेबलावरची वैशाली वाशीत वाढलेली. “आलो? बस ना मग, भाऊ.”

सगळे हसले. आमच्याकडं बायकाही आलो, जातो, करतो असंच म्हणतात. आई, काकू, मी. त्यात हसण्यासारखं काही आहे, हे मला घर सोडल्यावर कळलं.

मी ‘भाऊ’ झाले. वैशाली प्रेमानंच म्हणायची, माझा चहाही आणून ठेवायची. पण मी इंग्रजीत शिरले. तिथल्या क्रियापदाला बाई-पुरुष नसतो. मग कुजबुज सुरू झाली, मॅडम शायनिंग मारते. शेवटी साहेबांनी बोलावून सांगितलं की फ्लॅट घेणारे इथल्याच शिरवणे गावचे असतात, देशावरचे असतात. त्यांच्याशी मराठीत बोललीस तरच परमनंट करू.

वाशीत संभाषणकलेचा क्लास लावला. समोरच्याच्या डोळ्यांत बघा, आवाज पोटातून काढा, असं सर शिकवायचे. क्रियापदाचं काय करायचं, ते त्यात नव्हतं. रूमवर आरशासमोर ‘मी सांगते, मी दाखवते’ घोकायचे. ऑफिसात मात्र वाक्य तोंडात तपासून होईतो बोलणं पुढं गेलेलं असायचं.

एका रविवारी फोनच्या बूथवरून आईला म्हणाले, “दिवाळीला येते.”

आई म्हणाली, “पाव्हण्यागत बोलाय लागलीस गं.”

इथं भाऊ, तिथं पाव्हणी. त्या फोननंतर कुठंच चैन पडेना.

आता मी नेरूळचीच झाले. लिहिताना ‘झाले’च लिहिते. पण घर म्हटलं की मला गावही आठवत नाही आणि हा फ्लॅटही नाही. जिथं तोंड उघडण्याआधी स्वतःला तपासावं लागत नाही, ते घर. तशी जागा मला आयती मिळाली नाही.

त्या फोननंतरच्याच दिवसांत एकदा साहेब बाहेर गेले होते. फ्लॅटचा ताबा लांबल्यामुळे चिडलेली माणसं ऑफिसात आली. वैशालीनं ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणताच एक आजोबा उठले. टेन्शन आम्ही नाही तर काय तुम्ही घेणार, म्हणत दाराकडं निघाले. ताबा नळजोडणीवाचून अडला होता आणि ते काम माझ्याकडं होतं. काय अडलंय ते तिथं फक्त मला ठाऊक होतं. मी उभी राहिले. सगळे माझ्याकडं बघू लागले, वैशालीसुद्धा.

“आजोबा, बसा. पाणी कुठं अडलंय, ते मी सांगतो.”