सत्यवतीने घातलेलं गाऱ्हाणं

आमच्या धारगळला देवळात गाऱ्हाणं घालायचं ते आमच्या ह्यांनीच. गावात ह्यांना बाबली म्हणतात. एकाने देवासमोर उभं राहून सगळ्यांच्या वतीने मागायचं आणि बाकीच्यांनी हात जोडून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, अशी रीत. ह्यांचा आवाज खणखणीत आणि मागणी लांबलचक. देवाला कंटाळा येत नाही, हे देवाचं मोठेपण. मी बायको आहे, मला येतो.

ह्यांची धाकटी बहीण सत्यवती आमच्याकडेच असते. तरुणपणी तिला मनाचा आजार झाला, कानात माणसं बोलायला लागली. गोळ्यांनी ती माणसं गप्प झाली आणि सत्यवती हमरस्त्याच्या कडेला कलिंगडं नि मिरच्या विकायला बसू लागली. गिऱ्हाइकाशी भांडायला तिला कुणाची मदत लागत नाही. पण दवाखान्यात गेलं की हे तिथेही सगळ्यांच्या वतीने बोलणार. डॉक्टर ह्यांच्याकडे बघून विचारणार, “झोप लागते का हिला?” हे सांगणार, “मस्त लागता!” ह्यांना काय ठाऊक? हे स्वतः जेवून उठले की घोरायला लागतात. तिला झोप येत नव्हती. हात इतके थरथरायचे की कलिंगड कापताना गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकायचं. ती स्वतः काही सांगायला गेली, तर डॉक्टर ह्यांनाच विचारायचे, “हल्ली जास्त बोलते का?” मग गोळी तीच राहायची. मला असा संताप यायचा!

गेल्या वर्षी पणजीहून बोलावणं आलं. सरकार मानसिक आरोग्याचं धोरण ठरवत होतं आणि ज्यांनी आजार सोसला त्यांनाही बैठकीत घ्यायचं म्हणे. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी सत्यवतीचं नाव दिलं.

“वयनी, प्रश्न माका इचारा, इतक्याच सांगतलंय,” सत्यवती मला म्हणाली. “तितक्या धोरणात घातल्यानी तरी पुरे.”

“ती एकटी कशी बोलतली?” असं म्हणत हे निघाले. हे काय बोलतील या धास्तीने मीही निघाले.

बैठकीचे अध्यक्ष कृष्णनाथ साहेब, मूळचे डिचोलीकडचे. माणूस सज्जन. त्यांनी सत्यवतीचं स्वागत केलं, टाळ्या वाजवल्या आणि ह्यांच्याकडे वळून विचारलं, “त्यांना चहा चालेल?” हे म्हणाले, “चलता, साखर नाका.” सत्यवतीला चहात साखर जरा जास्तच लागते. तिने तो कडू घोट घेतला आणि कप बाजूला ठेवला. तिची मान लाल झालेली मला दिसली.

“आता तुमच्या बहिणीचा अनुभव सांगा,” साहेब ह्यांना म्हणाले.

हे उठले. खाकरले. तिच्या जन्मापासून सुरुवात केली. आजारापर्यंत पोचायच्या आत सत्यवतीने ह्यांच्या शर्टाचं टोक धरून ओढलं. “दादा, बस तू.” हे धपकन बसले आणि ती उभी राहिली.

आता ही जन्मात कधी सभेत बोललेली नाही. उभं राहून चारचौघांत बोलायची तिने ऐकलेली एकच पद्धत म्हणजे ह्यांची. तिने हात जोडले, डोळे मिटले आणि ह्यांच्याच चालीत सुरू केलं, “बा म्हाराजा! वखद-गोळी मी खातंय!”

मागे उभा असलेला शिपाई म्हणाला, “व्हय म्हाराजा!”

“झोप माका येणा नाय! हात माझे थरथरतत! आणि डॉक्टर इचारतत दादाक!”

“व्हय म्हाराजा!” आता दोन डॉक्टरही.

“आजपासून ज्याचो रोग, त्याका पयलो प्रश्न! भाव-भयणीक मागीर! असो नियम कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यात मोठा आवाज कृष्णनाथ साहेबांचा. डोळे मिटलेले, हात जोडलेले. टाइप करणाऱ्या कारकुनाने लगेच टाकलं, एकमताने मंजूर.

मुंबईहून आलेल्या एक सल्लागार बाई गोंधळून म्हणाल्या, “पण यावर चर्चा व्हायची होती ना?”

साहेबांनी डोळे उघडले. आपण काय करून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी कपाळाचा घाम पुसला. “बाई,” ते म्हणाले, “गाऱ्हाण्याला दिलेला होकार मागे घ्यायची माझी छाती नाही. पुढचा मुद्दा.”

ते धोरण छापून कधी येईल ते सरकार जाणे. पण पुढल्या खेपेला दवाखान्यात समीक्षा नावाची नवी डॉक्टर होती. तिनेही ह्यांच्याकडेच बघून विचारलं, “कशी आहे आता?” ह्यांनी तोंड उघडलं. मिटलं. मग म्हणाले, “तिका इचारा.” एवढ्या वर्षांच्या संसारात मला ह्यांचं इतकं कौतुक कधी वाटलं नव्हतं.

सत्यवती बोलायला लागली ती थांबेचना. झोप, हात, सगळं सांगितलं. “आणि तोंडाक चव नाय. कितकीशी वर्सां झाली. काय खाल्लां तरी भुसो.”

मी बाजूलाच उभी होते. माझं माशाचं हुमण रोज चाटूनपुसून खाणारी ही! “मगे ‘बरां झालां वयनी’ म्हणून कित्याक सांगी होतंस?”

“तू इतक्या रांधतंस,” ती म्हणाली. “तुका वायट दिसात म्हणून.”

मला तिथेच रडू आलं. डॉक्टरने पाण्याचा ग्लास माझ्यापुढे केला आणि तिची गोळी बदलली.

परवा बांगड्याचं हुमण केलं होतं. सत्यवतीने पहिला घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, “वयनी, तिरफळां जास्ती पडली. आणि मीठ खंय आसा?”

मी तिच्या ताटात आणखी एक बांगडा वाढला.