जेठाचं नाव

कोरीटच्या गुजर आळीत चुनीलाल पाटलांनी नवं घर बांधलं, वर मंगलोरी कौलं चढवली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की घराच्या डोक्यावर आजोबांच्या वेळची चिंच उभी आहे. ही गोष्ट पाया खणतानाही लक्षात येऊ शकली असती. पण चिंच साऱ्या गावाला दिसायची, पाटलांना तेवढी दिसली नव्हती. वारा सुटला की फांद्या कौलांवर घासायच्या, वानरं धपाधप उतरायची, आणि सकाळी जसोदाबाई पाटलीण अंगणातले कौलांचे तुकडे वेचत, नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने चिंचेला शिव्या द्यायची. शेवटी चोपन्न सालच्या दिवाळीनंतर पाटलांनी गड्याला सांगितलं, "जाय रे, रायसिंग झाडवाल्याले बलाई आन."

रायसिंग झाडवाला जन्मात कधी झाडावर चढला नव्हता. बैलगाडीत उभा राहिला तरी त्याचे डोळे फिरत. चढायचा तो त्याचा धाकटा भाऊ दिवाल्या, आणि दिवाल्या हिवतापाने गेल्यावर दिवाल्याची बायको नानीबाई. रायसिंगकडे अंबाडीचा एक जाड दोर होता आणि एक तोंड होतं. तोंडाने तो कामं मिळवायचा आणि दोराने फांद्या उतरवायचा. मधलं जे काय उरतं ते नानीबाई करायची.

ती सातपुड्यातली भिल्लीण. चारोळीच्या झाडांवर तिचं लहानपण गेलेलं. काष्टा घट्ट मारायची, कुऱ्हाड पाठीशी कमरेत खोचायची, तळहातांना कोरडी माती चोळायची आणि निघायची. चढताना ती घाई करत नसे. प्रत्येक फांदीवर आधी तळवा टेकवायची, थोडा भार द्यायची, मग सगळा. घराजवळची फांदी नुसती तोडून चालत नाही. ती आधी दोराने बांधायची, दोर वरच्या बेचक्यातून घेऊन खाली सोडायचा, खालच्या माणसाने त्याचे बुंध्याला दोन वेढे द्यायचे, आणि मग वर घाव पडत जाईल तसा दोर सैल करत जायचा. असं केलं की एवढी थोरली फांदी कौलांना धक्का न लावता अंगणात येऊन निजते.

आता अडचण अशी, की दोर एक आणि टोकं दोन. वरच्या टोकाला भावजय, खालच्या टोकाला जेठ. जेठ म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर तोंड उघडं ठेवायचं नाही, त्याला शिवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही आणि त्याचं नाव तर झोपेतसुद्धा घ्यायचं नाही. घरात हे निभतं. "भाकरी झाली," असं शेळीला सांगितलं की जेठ हात धुऊन येतो. पण झाडावर शेळी कशी न्यायची? म्हणून नानीबाई झाडालाच सांगायची.

"चिंचे, त्यांना सांग, दोर ताणून धरा म्हणावं."

खालून रायसिंग चिंचेकडेच बघत म्हणायचा, "चिंचे, तिला सांग, ताणलाय. माझे हात काय लाकडाचे आहेत? उरक म्हणावं."

चिंच बिचारी दोघांचं ऐकून घ्यायची. गावाला मात्र ही फुकटची करमणूक. पाटलांच्या ओट्यावर रिकामी माणसं जमायची. एकजण ओरडायचा, "चिंचे, पाटलीणले सांग, च्या टाक!" दुसरा म्हणायचा, "वर पाहू नका रे, डोयामा भुसा जाई," आणि सगळे माना वर करून बसायचे. बाई चढली म्हणून तिला वांदरी म्हणत, आणि उतरली की तिची सावली टाळत. दुपारी जसोदाबाई ओट्यावरून भाकरी सोडायची ती नानीबाईच्या पदरात, वीतभर उंचावरून. सकाळभर जी बाई त्यांच्या छपराच्या वर बसून होती तिला ओट्याची पायरी चढायची मात्र मुभा नव्हती. नानीबाईला त्याचं काही वाटत नसे असं नाही. पण त्या दिवसांत तिचं चित्त दुसरीकडे होतं.

तिला खांडबाऱ्याचा दिलवरसिंग मागणी घालणार होता.

दिलवरसिंग स्टेशनावर लाकडं भरायचा. त्याची बायको बाळंतपणात गेली होती. खांडबाऱ्याच्या बाजारात आंब्याची वाळलेली फांदी उतरवणाऱ्या नानीबाईला त्याने पाहिलं, आणि बाजार उठला तरी तो तिथेच उभा. तिने खाली उतरून पाणी मागितलं तेव्हा त्याने आपला तांब्या तिच्या हातात दिला. वरून ओतला नाही, हातात दिला. तेवढ्यावर नानीबाईने मनात त्याचं घर सारवूनसुद्धा ठेवलं होतं.

विधवेचा पाट लावायला त्यांच्यात आडकाठी नाही. आडकाठी होती ती रायसिंगची, आणि तीही तो कधी उघड करत नसे. नानीबाई गेली तर झाडवाल्याच्या हातात नुसता दोर उरला असता. म्हणून याआधी कोणी मागणी घेऊन आलं की तो पाहुण्याला बसवायचा, बिडी द्यायचा, आणि डोळ्यात पाणी आणून म्हणायचा, "घेऊन जा भाऊ, सोनं आहे. फक्त अमावस्येला तिला खाली उतरवू नका. झाडाचं वारं आहे अंगात. माझा भाऊ त्यातच गेला." पाहुणा बिडी संपायच्या आधी उठायचा. नानीबाईला हे शेजारणीकडून कळे. जेठाला जाब विचारायचा तर बोलायला बंदी, आणि शेळीकरवी असली भांडणं होत नाहीत.

दिलवरसिंग मात्र वाऱ्याला भिणारा नव्हता. "झाडाचंच वारं ना? मग चढेल बरी," म्हणाला. रायसिंगचं तोंड पहिल्यांदा बंद पडलं. ठरलं असं, की दिलवरसिंगने मामाला घेऊन कोरीटला यावं, बाईचं काम, चालरीत बघावी, आणि मामा हो म्हणाला की पाट लावून मोकळं व्हावं.

पाहुणे आले त्या दिवशी नानीबाई जितक्या मर्यादेने झाडावर चढली तितक्या मर्यादेने नवी सून माजघरात वावरत नसेल. पदर नाकाच्या खाली ओढलेला, त्यातून एक डोळा तेवढा बाहेर. फांदी पायाने चाचपावी लागत होती. ओट्यावरचा एकजण म्हणाला, "अरे, आज तं वांदरी लगीनले निंघनी!" मामा हसला. दिलवरसिंग हसला नाही, हे तिने त्या एका डोळ्याने नेमकं टिपलं.

"चिंचे, त्यांना सांग, दोन वेढे द्या म्हणावं," ती हळू, गोड आवाजात म्हणाली.

"चिंचे, तिला सांग, दिलेत," रायसिंग म्हणाला. वेढे दिले, टोक खुंटाला अडकवलं, आणि तो पाहुण्यांकडे गेला. मामाला बाजूला घेतल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं. घेतलं ते फांदीच्या नेमकं खाली, कारण तिथे सावली चांगली होती. आपलं झाडवालेपण त्याला एवढंच कळायचं.

फांदी अर्धी चिरली होती. आत पोकळ निघाली. चिंच बाहेरून लोखंड दिसते, आत कधी कुजते ते वरून कळत नाही. नानीबाईच्या तळव्याखाली बारीक थरथर आली, मग कडकन आवाज झाला, आणि दोराची गाठ जिथे होती तेवढंच लाकूड दोरात राहून बाकीची फांदी सुटली. मामा तरणा, त्याने आवाजासरशी उडी मारली. रायसिंग बसून बिडी पेटवत होता.

चिंचेला सांगायला वेळ नव्हता.

"रायसिंग! हट!"

रायसिंग हटला. जीव वाचवायला की नाव ऐकून दचकला म्हणून, ते त्याचं त्याला ठाऊक. तो बसला होता तिथली जमीन फांदीने वीतभर खाली दाबली. त्याच्या एका पायाच्या अंगठ्याचं नख गेलं.

धूळ खाली बसली. रायसिंगने आधी अंगठा पाहिला, मग फांदी पाहिली, मग वर पाहिलं. नानीबाईचा पदर खांद्यावर पडला होता.

"पाटील," तो म्हणाला, "ऐकलं ना तुम्ही? सगळ्यांनी ऐकलं ना?"

पंच भिलाटीत, भिलांच्या वस्तीत, बसले. अंगठ्याला चिंधी गुंडाळून रायसिंग सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. दिलवरसिंग आणि मामा पाहुणे म्हणून एका बाजूला. नानीबाई भिंतीकडे तोंड करून.

हिलाल नाईक म्हणजे भिलाटीतला शेवटचा शब्द. त्यांनी विचारलं, "नाव घेतलंस?"

"घेतलं."

"झाडाला का नाही सांगितलंस?"

"झाडच मोडत होतं, नाईक."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. नाईकांनाही हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घालवलं.

"ओरडले नसते तर मेले असते ते," नानीबाई भिंतीला म्हणाली.

"मेला असता," नाईक म्हणाले. "मरण देवाच्या हातचं. नाव तुझ्या तोंडचं."

रायसिंग कळवळून म्हणाला, "नुसतं नाव नाही नाईक! गुजरांच्या बायकांसमोर, 'रायसिंग, हट'! भाकरीवरून कुत्रं हाकलतात तसं. मी दिवाल्याला काय तोंड दाखवू?"

"दिवाल्या मेलाय," शेजारच्याने आठवण दिली.

"म्हणून तर," रायसिंग म्हणाला आणि डोळे पुसले.

पंचांनी बराच विचार करून निवाडा दिला. बाईची जीभ सुटली आहे, तेव्हा तिने जेठाशी यापुढे कशाच्याही तोंडून बोलू नये. शेळीच्या नाही, दाराच्या नाही, झाडाच्याही नाही. आणि जेठ आपल्या तोंडाने माफ करीपर्यंत जातीत कोणी तिचा पाट लावू नये. म्हणजे माफी जेठाची मागायची आणि जेठाशी बोलायचं नाही. ही गाठ कोणाच्या ध्यानात आली नाही, किंवा आली आणि आवडली. लोक उठून गेले.

दिलवरसिंगने प्रयत्न केला नाही असं म्हणता येणार नाही. तो रायसिंगकडे गेला. "दादा, करा माफ. जीव वाचवला तिने तुमचा."

"करीन की," रायसिंग म्हणाला. "मी काय दुष्मन आहे तिचा? पण मन दुखलंय, भाऊ. बसू दे जरा."

"कधीपर्यंत?"

"मनाला असं विचारतात का?"

असं म्हणून त्याने दोर खांद्यावर टाकला आणि पुढच्या गावी चिंच बघायला निघाला. मागे दहा पावलांवर, पदर ओढून, कुऱ्हाड खोचून नानीबाई. थंडीभर दिलवरसिंग येत राहिला, रायसिंग त्याच्या बिड्या ओढत राहिला आणि मन काही बसेना. होळीच्या आधी दिलवरसिंग एकटाच आला. नानीबाई ओढ्याकाठी कुऱ्हाडीला धार लावत होती.

"मामाने दुसरी बघितली आहे," तो म्हणाला. "मला नाही म्हणता येत नाही. घरात पोर आहे."

तिने पातीला पाणी लावलं.

"तू त्या दिवशी गप्प राहिली असतीस, तर आज माझ्या घरी असतीस."

"माणूस मेला असता."

"हो ना," दिलवरसिंग म्हणाला. "मग माफी कोणाची मागायची उरली असती?"

हे तो चिडून बोलला नाही. मास्तर चुकलेलं गणित समजावून देतात तसं, हळू, मायेने बोलला. मग उठला आणि खांडबाऱ्याच्या वाटेला लागला. नानीबाईने कुऱ्हाडीला पुन्हा पाणी लावलं आणि घासत बसली. पाती आधीच लख्ख झाली होती.

रायसिंग पुढे पुष्कळ जगला. दातही शाबूत राहिले. भाकरी झाली हे आता शेळीलाही सांगायचं नसल्याने नानीबाई ताट उंबऱ्यावर वाजवून ठेवायची. तो पोटभर जेवायचा, ढेकर द्यायचा आणि कोणी विचारलंच तर म्हणायचा, "बघतोय, बघतोय. अजून इथे दुखतं," आणि छातीवर हात ठेवायचा. साठ सालानंतर त्याला दिसेनासं झालं. दोराला दुसरा माणूस आला, पण काम झाडवाल्याच्या नावावरच मिळायचं, त्यामुळे गाडीत घालून त्यालाही न्यावं लागे.

एकदा नवापूरच्या रस्त्यावरच्या वडाचं काम होतं. तारांवर आलेल्या फांद्या छाटायच्या होत्या. नानीबाईच्या केसांत पांढरं आलं होतं आणि चढताना गुडघा वाजायचा. वरच्या फांदीवर जाऊन तिने कुऱ्हाड उचलली, खाली पाहिलं. दोरवाला चहाला गेला होता. रायसिंग फांदीच्या बरोबर खाली पाय पसरून बसला होता. थंडगार सावली होती.

तिने कुऱ्हाड परत कमरेत खोचली. गुडघा सांभाळत सगळं झाड उतरली. रस्त्याने एक सायकलवाला चालला होता, त्याला तिने हात केला.

"भाऊ, त्या म्हाताऱ्याला तेवढं बाजूला सरकायला सांग. फांदी पडायची आहे."

सायकलवाल्याने दोघांकडे पाहिलं. त्यांच्यात चार हातांचं अंतर होतं. "तूच सांग ना माय, तुन्ह्या जवयच तं शे."

"नाही," ती म्हणाली. "तूच सांग."

रायसिंगने हे सगळं ऐकलं होतं. कान त्याचे उत्तम होते. तरी सायकलवाला येऊन, वाकून, "बाबा, सरक," असं म्हणेपर्यंत तो जागचा हलला नाही. मग कण्हत उठला, हातभर सरकला आणि पुन्हा सावलीतच बसला.

"अजून जरा सरकायला सांग," नानीबाई म्हणाली.

"बाबा, आखो थोडा."

"कोण म्हणतंय?" रायसिंगने विचारलं.

"हाई बाई."

"कुठली बाई?" तो म्हणाला, आणि बिडीसाठी खिसा चाचपू लागला.

सायकलवाल्याने हसून त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला उचलून उन्हात नेऊन ठेवलं. नानीबाईने तळहातांना माती चोळली आणि बुंध्याला हात घातला.