रविवारची विमाने आणि आमचे डॉक्टर

आमचे डॉक्टर विमान ओळखत, पण कारण देत नसत. माझी मूळ हरकत हीच आहे. कारणांशिवाय दिलेला निकाल कोणत्याही न्यायालयात टिकत नाही. आमच्या श्रीरामपूरच्या विमानवेड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र तो दर रविवारी टिकत असे, वर टाळ्याही मिळवत असे.

पेशाने ते दंतवैद्य, शेजारच्या बेलापूरचे. शिक्षण पुण्यात झाले तरी बोलणे त्यांनी गावचेच ठेवले. रविवारी सकाळी कोणीतरी एखाद्या अनोळखी विमानाचे छायाचित्र टाके. मी भिंग घेऊन खिडक्या, चाके, पंखांचा कोन तपासत एकेक शक्यता खोडत असे. निम्म्यावर येईतो डॉक्टरांचे उत्तर येऊन पडलेले. जाब विचारला तर म्हणत, "अवो वकीलसाहेब, पेशंट दारातनं आत आला की कळतंय कुठली दाढ दुखतीय. तोंड कशाला उघडायला लावायचं?"

एकदा दुमजली पंखांचे जेट विमान आले. दोन पंखांच्या मध्ये जाडजूड पिंपे. असले जेट असूच शकत नाही, चित्र बनावट आहे, अशी सविस्तर लेखी हरकत मी नोंदवली. डॉक्टरांनी खाली एवढेच लिहिले: "पोलंडचं हाय. पिकावर औषध मारायचं. टाक्या हायत त्या." खरे निघाले. उसाच्या मुलुखात जन्म काढून मला फवारणीची टाकी ओळखता आली नाही, याचा ठणका बरेच दिवस राहिला.

पुढे त्यांची नजर मधोमध विझत गेली; कडेचे पुसट दिसे, समोरचे नाही. दवाखाना बंद करून ते नाशिकला लेकीकडे गेले. मला वाटले, आता माझा नंबर लागेल. तर रविवारी त्यांचा फोन: काय दिसतंय ते सांगा. मी पंचनाम्याच्या शिस्तीत नाकापासून शेपटीपर्यंत वर्णन करायचे, त्यांनी नाव घ्यायचे, आणि शाबासकी त्यांना. डोळे माझे, शब्द माझे, कीर्ती त्यांची. मी ग्रुपला निषेधपत्रे लिहिली. कोणी पोचही दिली नाही.

गेल्या महिन्यात मात्र मी पाहताक्षणी ओळखले. इटलीचे, पाण्यावर उतरणारे. पोट नावेचे, इंजिन पाठीमागे, शेपटी दोन दांड्यांवर तोललेली. उत्तर टाकले. खाली एकाने विचारले, "डॉक्टर काय म्हणतात?" संतापून मी त्यांनाच फोन लावला, दोन दांड्यांसकट सगळे वर्णन केले आणि थांबलो. डॉक्टर म्हणाले, "न्हाई येत. डोक्यात काही उभंच राहत न्हाई आता."

हेच वाक्य ऐकण्यासाठी मी वर्षानुवर्षे तिष्ठत होतो. तोंडातून निघाले ते भलतेच: शेपटीचे दोन दांडे सांगायचे माझ्याकडून राहून गेले. आयुष्यात मी दिलेली एवढी एकच खोटी साक्ष.

"दोन दांडे?" डॉक्टरांचा आवाज चढला. "मंग इटलीचं की त्ये. एवढं गाळल्यावर मानसानं वळखायचं कसं? नीट बघत चला, वकीलसाहेब."

मी नीटच पाहिले होते. हे इथे लिहितो, कारण डॉक्टरांना आता वाचता येत नाही. कोणी त्यांना वाचून दाखवू नये. दाखवल्यास मी सगळे नाकारीन.